रॉकेट उडालं, आमचं नव्हे

आमच्या कंपनीत रॉकेटचं काम आलं तेव्हा सगळ्यात आधी तयार झाला तो फ्लेक्स. रांजणगावच्या एमआयडीसीत, गेटवर, मालकांचा हसरा फोटो आणि मागं धूर सोडत वर चाललेलं रॉकेट. रॉकेट मालकांच्या खांद्याएवढं होतं. पहिला पार्ट मशीनवर चढायला त्यानंतर दीड महिना लागला.

पार्ट म्हणजे इंधनाच्या व्हॉल्व्हची बॉडी, तळहातात मावेल एवढी. मी क्वालिटीत होते, शिरूरहून कंपनीच्या बसनं यायचे. त्या बॉडीचं टर्निंग, म्हणजे कातकाम, सगळी कंपनी ज्यांना मामा म्हणायची त्या ऑपरेटरकडं होतं. मामाही शिरूरचेच. अख्खी उमर आधी लेथवर आणि मग कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर गेलेली. शुक्रवारी नमाजाला तासभर जायचे आणि तो तास संध्याकाळी भरून द्यायचे, कुणी मागितलेला नसताना.

मालकांना त्या पार्टमधलं काही कळत नव्हतं. पाहुणे आले की तो हातात घेऊन सांगायचे, "ह्याच्याशिवाय रॉकेट जागचं हलत नाही." पार्ट उलटा धरलेला असायचा. शेजारी मॅनेजर मान डोलवत उभा. डोलवण्यापलीकडं त्या मानेचा काही उपयोग मला कधी दिसला नाही.

एका दुपारी मामा स्वतःच एक बॉडी घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"म्याडम, ह्यो मोजा. आत टूल थरथरलंय. मला आवाजावरनं कळलं."

मी मोजलं. आतलं भोक मिलिमीटरच्या दोन शतांशानं मोठं झालं होतं, म्हणजे पार्ट बाद. माल दुसऱ्या दिवशी निघायचा होता. मॅनेजर धावत आला, आकडा बघितला आणि म्हणाला, "रिपोर्टमध्ये ॲडजस्ट करा. वरती जाऊन कोण मोजणार आहे?" स्वतःच्या विनोदावर तो बराच वेळ हसला.

मी पेन उघडलं. माझं नोकरीच्या कन्फर्मेशनचं पत्र त्याच्याच सहीनं निघणार होतं.

मामांनी टेबलावरची बॉडी उचलली. पॅकिंगला नेतायत असं वाटलं. ते थेट ड्रिल मशीनवर गेले, बॉडी व्हाइसच्या जबड्यात घट्ट आवळली आणि बोटाएवढं भोक आरपार पाडलं. मग ती आणून माझ्यापुढं ठेवली.

"अहो, हे काय केलंत!" मॅनेजर किंचाळला.

"वर कोण जाणार न्हाई, तवा हितंच बघाया पायजे ना साहेब?"

त्यांना आठ दिवस घरी बसवलं. हातात इंग्रजी पत्र दिलं. त्या संध्याकाळी बसमध्ये त्यांनी ते मला वाचायला लावलं. कंपनीच्या मालाचं जाणूनबुजून नुकसान केलं, असं त्यात होतं.

"व्हय, जाणूनबुजूनच केलं," ते म्हणाले. "बराबर लिवलंय."

त्यांच्या जागी दुसऱ्याला बसवलं. त्यानं तीन बॉड्या भंगारात घालवल्या. सहाव्या दिवशी मामांना आणायला मॅनेजरची गाडी शिरूरला गेली. पत्र मात्र कुणी मागं घेतलं नाही.

पुढं उड्डाणाचा दिवस आला. कँटीनमध्ये मोठा टीव्ही, नारळ, शाली. दौंडहून एक पुढारी आले होते. त्यांनी विचारलं, "हे चंद्रावर जाणार ना?" मालक म्हणाले, "हो, हो." जाणार होता हवामान बघणारा उपग्रह. आणि आमच्या बॉड्या तर अजून गिऱ्हाइकाच्या तपासणीतच पडून होत्या. तो मेल आदल्या दिवशी मीच मालकांना वाचून दाखवला होता. तरी रॉकेट वर गेलं तशी मालकांनी डोळे पुसले, पुढाऱ्यांनी त्यांना मिठी मारली, आणि शाल मालकांना, मॅनेजरला आणि सहज भेटायला आलेल्या मालकांच्या जावयालाही मिळाली. मीही टाळ्या वाजवल्या.

मामा मशीनवर होते. मी मशीन शॉपमध्ये गेले.

"उडालं, मामा."

"चांगलं झालं. आपलं न्हवतं त्यात, न्हाई का?"

"नव्हतं." मला तिथून हलता येईना. "मामा, त्या दिवशी मी सही करणार होते."

"ठावं हाय," ते मशीनच्या काचेतून आत फिरणाऱ्या पार्टकडं बघत म्हणाले. "म्हून तर घाई केली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. इतके महिने मॅनेजरला मनातल्या मनात तुच्छ लेखताना मी स्वतःला त्याच्यापेक्षा वेगळ्याच रांगेत उभं केलं होतं.