हीलियम-सहाचं गणित

"ही आमची लोकल मुलगी. माशांचं सगळं हिला विचारा."

सरांनी पाहुण्यांना माझी ओळख अशी करून दिली. चौलजवळच्या एका रिसॉर्टमध्ये. परिषद होती अणुकेंद्रकांवर. सर माझे मार्गदर्शक, मी त्यांच्याकडं पीएचडी करते. पाहुणे हसले. मीही हसले. काय करणार, प्रबंधावर सही त्यांची लागते.

मी न्हावा शेव्याकडची. आगरी. आजोबांचं मिठागर बंदरात गेलं, बाबा आता तिथंच ट्रेलर चालवतात. सरांना हे सगळं माहीत. कुणी विचारलं नाही तरी ते सांगतात, मिठागरातून आलीय म्हणून. जणू त्यांनीच मला चिखलातून उचलून आणलंय.

माझं काम हीलियम-सहावर. हलकं केंद्रक. दोन प्रोटॉन, चार न्यूट्रॉन. टिकत नाही. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो, इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, मागं लिथियम उरतं. हाच बीटा क्षय. तो किती वेगानं होतो हे प्रयोगातून माहीत आहे. तेच उत्तर नुसत्या गणितातून काढणं अवघड. एकेक न्यूट्रॉन सुटा धरला की उत्तर चुकतं. सर म्हणाले होते, एक गुणक लाव, जुळवून टाक, सगळे तेच करतात. मी नाही लावला. शेजारचे कण एकमेकांवर काय करतात ते जोडीजोडीनं मोजत बसले. वर्षं गेली त्यात. उत्तर जुळलं त्या दिवशी सर म्हणाले, छान, परिषदेत अनिरुद्ध मांडेल.

अनिरुद्ध त्यांचा दुसरा विद्यार्थी. त्या गणिताला त्याचा हातही लागला नव्हता. मी कारण विचारलं. तर म्हणे, तुझं बोलणं अजून तयार नाही. त्याआधी एकदा बैठकीत माझ्या तोंडून 'न्हाय' निघालं होतं. सरांनी तो शब्द तसाच्या तसा म्हणून दाखवला. सगळे हसले. तेव्हापासून मी प्रत्येक शब्द आधी मनात तपासायची. तपासता तपासता बोलणंच बंद झालं.

परिषदेत मला दिलं जेवणाचं काम. कुणाला तिखट चालत नाही, कुणाला कोळंबी. स्वयंपाकघरातल्या बायकांशी तूच बोल, तुझी भाषा त्यांना कळेल, असं सर म्हणाले. मी बोलले. त्यातल्या एकीनं मला विचारलं, "तू शिकलेली ना गो? मंग आत बस की."

मी हॉलमध्ये जाऊन मागं उभी राहिले.

पडद्यावर माझा आलेख. रंगसुद्धा मीच निवडलेले. अनिरुद्ध 'आम्ही मोजलं, आम्ही मोजलं' म्हणत होता. शेवटी आभाराचं पान आलं. त्यावर रिसॉर्टचं नाव. त्याखाली माझं.

पुढच्या रांगेतून सरांनी मान वळवली. बोटानं खूण केली, जेवणाकडं बघ.

मी हात वर केला आणि इंग्रजीत म्हटलं, हे गणित मी केलंय, लेखकांत माझं नाव का नाही?

सर मराठीत बोलले. "आत्ता नको. बाहेर बोलू."

"न्हाय सर. इथंच बोलू."

शब्द निसटला. मी तो दुरुस्त केला नाही. कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ बघून जेवणाची सुट्टी जाहीर केली आणि सगळे माझ्याकडं न बघता बाहेर पडले.

मुंबईला परतल्यावर सरांनी खोलीत बोलावलं. "सही कुणाची लागते, माहीत आहे ना?" एवढंच. अनिरुद्ध जिन्यात भेटला. म्हणाला, तुझं खरं आहे, पण मला नोकरी शोधायचीय. आईला फोन केला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "आधी सही घे गो बाय, मंग बोल." ती घाबरली होती. तिचं काय चुकलं?

मी लेखी तक्रार केली. चौकशी समितीचे प्रमुख सरांचे जुने मित्र. दुसरा कुणी मार्गदर्शक मला घ्यायला तयार नाही. सोडलं तर केलेलं सगळं मातीत. राहिलं तर रोज सकाळी तोच चेहरा समोर. दोन्हीकडून कोंडलंय मला.

काम थांबवलेलं नाही. आता कार्बन-दहाचा क्षय घेतलाय. त्यावरचा लेख छापला जाईल तेव्हा पहिलं नाव माझं असेल, नाहीतर छापला जाणार नाही. तक्रार मी मागं घेणार नाही. मला काढायचंय तर काढा, पण कारण सगळ्यांसमोर सांगून काढा. मी आपण होऊन जाणार नाही.