पितळ कानानं बघणारे काका

दादरच्या आमच्या शूटिंग क्लबात पिस्तुलाच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायचं काम लालबागचे एक काका हौसेनं करायचे. पूर्वी गिरणीत फिटर होते. पितळी पुंगळ्या देवाच्या भांड्यांसारख्या चिंचेनं घासायचे आणि एकेक टेबलावर वाजवून कान द्यायचे. खणखणीत वाजली तर ठेवायची, बद्द वाजली तर तडा गेलाय, फेकायची. चष्मा लावा म्हटलं की चिडायचे. "पितळ कानान बघूचा असता रे!"

एका रविवारी त्यांनी भरलेल्या डब्यात मला एक गोळी दिसली, पुंगळीला तडा गेलेली. मागून दोनदा हाक मारली, वळले नाहीत. तेव्हा कळलं, काकांना ऐकू येत नव्हतं.

गोळी दाखवली. त्यांनी तड्यावरून नख फिरवलं.

"सगळा डबा टाकून देऊ," मी ओरडून सांगितलं.

"मी भरलंय, मीच झाडतलंय. भायर जावा." त्यांनी पिस्तूल उचललं.

बाहेर आम्ही क्लबातले सगळे बार मोजत होतो. एकोणिसावा वेगळाच वाजला. धावत आत गेलो. उजवा हात रक्तानं भरला होता. डाव्या हातानं ती फाटकी पुंगळी टेबलावर वाजवत, कान खाली नेऊन ते मला विचारत होते, "वाजता काय रे?"