आबांनी पाहिलेला निळा

दौंडच्या रेल्वे कॉलनीत इटालियन येणारी मी एकटीच होते, आणि त्याचा मला जेवढा गर्व होता तेवढा उपयोग नव्हता. लग्नाआधी पुण्यात दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ती भाषा शिकले. मग नवरा गार्ड, त्याची बदली दौंडला, आणि माझं इटालियन ट्रंकेत. दोन हजार सालानंतर कधीतरी पुण्याच्या ओळखीच्या एका संपादकबाईंनी विचारलं, इटलीतल्या जुन्या भित्तिचित्रांवरचं एक पुस्तक आहे, इंग्रजीत करशील का? पुढचं न ऐकताच मी हो म्हणून बसले.

पुस्तकात गोष्ट अशी नव्हतीच. पानोपानी नुसते रंग. लेखक एकेका झग्यावर दीड दीड पान लिहायचा. निळ्यासाठी त्याच्याकडे आद्झुर्रो, चेलेस्ते, तुर्कीनो असे तीन तीन शब्द, आणि इंग्रजीत मी आपली एकाच निळ्याच्या पुढे फिकट नाहीतर गडद लावत बसलेली. दहा पानं झाल्यावर माझंच लिखाण वाचलं तर रंगाच्या डब्यांवरची लेबलं वाचल्यासारखं वाटलं. चीड आली. ती मी सवयीप्रमाणे भांड्यांवर काढली.

आबा तेव्हा नुकतेच शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आले होते. त्यांचा मुलगा रेल्वेत पॉइंट्समन. आबांची हयात मेंढरांमागे गेली. गुडघे बोलायला लागल्यावर मुलानं त्यांना वरवंडजवळच्या वस्तीवरून इथं आणलं. कॉलनीत त्यांना काही काम नव्हतं. दुपारी आमच्या दारातल्या लिंबाखाली येऊन बसायचे आणि समोरून जाणाऱ्या शेळ्यांना नावं ठेवायचे.

एकदा कुरियरनं आलेल्या चित्रांच्या रंगीत प्रती मी बाहेर बाजेवर पसरल्या होत्या. आबा काठी टेकत आले, वाकून बघितलं आणि एका झग्यावर बोट ठेवलं.

"ह्यो काळा न्हाई, ताई. ह्यो ऊन खाल्लेला काळा हाय. काळ्या लोकरीनं दोन उन्हाळं काढलं की ती अशी तांबूस पडती."

मी पुस्तक उघडून बघितलं. लेखकानं त्या झग्याला 'नेरो काल्दो' म्हटलं होतं, म्हणजे शब्दशः उबदार काळा, आणि त्या उबेशी मी दोन दिवस झटत होते. आबांनी ते उभ्या उभ्या सोडवून टाकलं.

तेव्हापासून आमची पद्धतच ठरून गेली. दुपारची भांडी झाली की मी बाज ओढायची, चित्र मांडायची, इटालियन परिच्छेद वाचून आबांना मराठीत सांगायची. ते चित्राकडे बघत राहायचे. घाई अजिबात नाही. मग म्हणायचे, "ह्यो जांभूळ खाल्ल्यावर जिभेचा व्हतो तसला," किंवा "तुमचा ह्यो इटलीवाला खोटं बोलतोय, ह्यात हिरवं हाय." त्यांचं बोलणं मी वहीत उतरवून घ्यायची आणि त्यातून इंग्रजी वाक्य बांधायची. शेकडो मेंढरांतून आपलं मेंढरू नुसत्या रंगावरून ओळखणारा माणूस तो. दोन करड्यांतला फरक त्याला शिकवावा लागत नव्हता. संपादकबाईंचं पत्र आलं की आता तुझं इंग्रजी श्वास घ्यायला लागलंय. ते मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. आबांना दाखवायचं राहून गेलं.

दिवाळीनंतर एका दुपारी मी निळ्या भिंतीचं चित्र बाजेवर मांडलं. लेखक लिहीत होता चेलेस्ते, म्हणजे स्वच्छ, उजळ आकाशी. मलाही ती आकाशीच दिसत होती. आबा बराच वेळ बघून म्हणाले, "राखंवानी हाय. सकाळच्या थंड चुलीतली राख, निळी झाक मारती तसली."

ते वाक्य इतकं सुंदर होतं की मी ते तसंच घेतलं. भिंत राखेची नाही हे दिसत असूनही घेतलं.

पुढच्या आठवड्यात एका चित्राच्या डाव्या कोपऱ्यात पिवळी शाल घेतलेली एक बाई होती. लेखकानं तिच्यावर अर्धं पान खर्च केलेलं. मी विचारलं, "आबा, कोपऱ्यातली शाल कशी वाटते?" आबा म्हणाले, "कोपऱ्यात काय बी न्हाई की." मी कागद उजवीकडे सरकवला. "आगं बया, ही कवा आली?" म्हणून ते मनापासून हसले. मीही हसले. पण आतून चरकले.

कारण रेल्वेच्या घरात डोळ्यांबद्दल जेवढं माहीत असतं तेवढं डॉक्टरांच्या घरातही नसेल. ठरावीक वर्षांनी मेडिकल, त्यात नजर गेली की माणूस खालच्या कामावर. म्हणून कॉलनीत कुणी कुणाच्या डोळ्यांचा विषय काढत नसे. ती एक रीतच होती, बायकासुद्धा पाळायच्या. माझ्या नवऱ्याच्या एका दोस्ताला कडेचं दिसेनासं झालं होतं. त्यानं ते वर्षभर लपवलं आणि मेडिकलला पकडला गेला. डोळ्यात दाब वाढतो, नजर कडेनं खात येते, रंग मळतात, हे सगळं मी जेवताना ऐकलं होतं. त्यामुळे मला समजलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आबा चहा बशीच्या बाहेर ओतत होते. दाराच्या चौकटीला खांदा घासत होता. मी बघत होते आणि गप्प होते.

आता स्वतःला सांगते की ती कॉलनीची रीत होती. पण आबांना कुठलं मेडिकल द्यायचं होतं? त्यांची कुठली नोकरी जाणार होती? गप्प बसण्यात फायदा होता तो फक्त माझा.

संक्रांतीच्या सुमारास आबा लिंबाखाली बसले आणि म्हणाले, "ताई, लेकीचा सांगावा आलाय. शिरूरला डोळ्यांचं शिबिर हाय, आठ दिस येऊन ऱ्हा म्हणती. मला बी हल्ली जरा अंधुक वाटतंय. जाऊ का?"

त्यांनी मुलाला नाही, सुनेला नाही, मला विचारलं. शिकलेली म्हणून. आणि मी म्हणाले, "आबा, एवढी चार चित्रं होऊ द्या की. शिबिरं काय, होतच असतात."

खरं काय ते इथं लिहून टाकते. कामाची घाई नव्हती. प्रकाशकानं छपाई पुढे ढकलल्याचं, आता जूनपर्यंत वेळ असल्याचं पत्र आठवड्यापूर्वीच आलं होतं. ते माझ्या कपाटात साड्यांखाली होतं. पण हात बसला होता. आबा लेकीकडे गेले की तिकडेच रमतील, आणि मी पुन्हा फिकट आणि गडद लावत बसेन, याची भीती वाटली. एवढंच. एवढ्यासाठी.

आबांनी काठी आडवी ठेवली. "बराबर हाय," ते म्हणाले. "मेंढरं अर्ध्या वाटंत सोडून कुणी जात न्हाई." दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर येऊन बसले.

होळीच्या आधी काम संपलं. कुरियर गेला त्या दिवशी मी आबांना पुरणपोळी नेऊन दिली, आणि त्यात सगळं फिटल्यासारखं मला वाटलं.

उन्हाळ्यात आबा कॉलनीच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरून पडले. मुलानं त्यांना पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. परत आल्यावर तो आमच्याकडे बसून नवऱ्याला सांगत होता आणि मी आत चहा टाकत होते. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. चार-पाच महिने आधी आणलं असतं तर उरलेली राखता आली असती. "तात्यांना न्हाई सांगितलं ह्ये शेवटचं," तो म्हणाला. घरात तो वडिलांना तात्या म्हणायचा. "उगी जिवाला घोर." चहा उतू गेला.

तो गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "तू रोज बसायचीस त्यांच्याजवळ. तुला कधी काही जाणवलं नाही?"

"नाही," मी म्हणाले. आमच्या संसारात मी त्याच्याशी फारसं खोटं बोललेली नाही. ते एक आहे.

पुढच्या दिवाळीला पुस्तक छापून आलं. सोबत संपादकबाईंची चिठ्ठी होती: थंड चुलीतल्या राखेचं वाक्य पुस्तकातलं सगळ्यात उत्तम, मूळ लेखकालाही भिंत इतकी दिसली नव्हती. मी ती फाडून टाकली. पुस्तकात मी संपादकबाईंचे आणि नवऱ्याचे आभार मानले होते. आबा कुठेच नव्हते.

तरीही पुस्तक घेऊन गेले. आबा दारात बाजेवर बसले होते. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. पुस्तक मांडीवर घेऊन त्यांनी पुठ्ठ्यावरून सावकाश हात फिरवला, लोकर चाचपतात तसा.

"ती राखंची भिंत कंच्या पानावर हाय?"

मी पान काढून त्यांचं बोट चित्रावर ठेवलं.

"म्या सांगितलेलं बराबर निघालं न्हवं? इटलीवाला काय म्हणत व्हता?"

"तुमचंच बरोबर, आबा."

ते खूश झाले. मग म्हणाले, "म्या तवा शिरूरला गेलो असतो तर तुमचं काम अडलं असतं. बरं झालं, न्हाई गेलो. डोळं काय, जायाचंच व्हतं. पर बुक तरी येळंला झालं."

सांगायला तीच वेळ होती. तोंडापर्यंत आलंही होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिथं एवढं समाधान होतं की ते काढून घ्यायचा मला धीर झाला नाही, असं मी इतके दिवस समजत आले. खरं तर मला माझी लाज वाचवायची होती.

"हो आबा," मी म्हणाले. "अडलं असतं."

त्यांनी मान हलवली, पुस्तक मिटलं आणि मला परत द्यायला हात पुढे केला. मी त्यांच्या उजवीकडे बसले होते. त्यांनी ते डावीकडे धरलं होतं.