रस्त्याकडची काच

घराला एक खोली जोडायची यावर माझं आणि नवऱ्याचं एकमत होतं. भांडण झालं ते ती कशाची बांधायची यावरून.

आमचं घर ड्रेस्डेनच्या बाहेर आहे. दक्षिणेला फरशीची टेरेस, मग बुटकं कुंपण आणि कुंपणापलीकडे रस्ता. मी कम्प्युटर चिपच्या फॅक्टरीत काम करते. तिथल्या धूळमुक्त क्लीनरूमला खिडकी नसते. हिवाळ्यात अंधारात निघायचं, पिवळ्या दिव्यांखाली दिवस काढायचा आणि अंधारातच परतायचं. सुट्टीच्या दिवशी तरी अंगावर ऊन घेत बसता यावं, एवढंच मला हवं होतं.

कंपनीचा माणूस आला आणि त्याने टॅबलेटवर दोन चित्रं दाखवली. पहिली ओरांजेरी. विटांचे जाड खांब, मधे उंच खिडक्या, रस्त्याच्या बाजूला भिंत, पक्कं छप्पर आणि त्याच्या मध्यभागी काचेचा चौकोन. दुसरा विंटरगार्टन, म्हणजे छपरासकट सगळी काचच.

"राजेलोक थंडीत संत्र्याची झाडं जगावीत म्हणून ओरांजेरी बांधायचे," तो म्हणाला. "ऊब टिकते, उन्हाळ्यात तापत नाही. आणि आतलं बाहेर दिसत नाही." हे सगळं तो नवऱ्याकडे बघून सांगत होता.

"गेनाऊ, अगदी बरोबर," नवरा म्हणाला. "ओरांजेरीच करू."

"मला काचेची हवीय," मी म्हणाले. तेव्हा कुठे त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं.

तो गेल्यावर नवऱ्याने मला समजवायला घेतलं. हीटिंग, उन्हाळा, काचा पुसणं. त्याचे सगळे मुद्दे बरोबर होते. मी ऐकून घेतले आणि विचारलं, "भिंत तुला थंडीसाठी हवीय की लोकांसाठी?"

 तो म्हणाला, "दोन्हीसाठी. त्या खोलीत तू फोटो लावणार, हे मला माहीत आहे."

फोटो म्हणजे निळ्या कोटातला, हातात पुस्तक घेतलेला. मराठी माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही.

लहानपणी आम्ही नाशिकला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. आतल्या खोलीचं दार उघडलं की दाराआड जाईल, अशा जागी तो फोटो लावलेला असे. घरमालकीणबाईंची चाहूल लागली की आई ते दार सताड उघडून ठेवायची. एकदा आई घरी नसताना बाई सरळ आत आल्या आणि त्यांनी दार लोटलं. फोटो बघून त्या आल्या पावली परतल्या. महिना संपायच्या आत निरोप आला की भाच्याच्या लग्नासाठी खोल्या लागणार आहेत. आम्ही निघालो त्याच आठवड्यात तिथे दुसरं बिऱ्हाड आलं. टेम्पोत सामान भरताना वडील म्हणाले, "आपलं घर झालं की बाहेरच्या खोलीत लावू." त्यांचं घर काही झालं नाही.

हे नवऱ्याला ठाऊक होतं. त्याच्याही घरी असंच एक दार होतं. पण त्याची भीती इथली होती.

"इथे आपल्यासारख्या परदेशी लोकांविरुद्ध मोर्चे निघतात. कुणी दगड मारला तर?"

"काच बदलू."

"आणि आपली मुलगी आत बसलेली असली तर?"

 दुसऱ्या दिवशी मी कंपनीला फोन केला. फुटली तरी तुकडे खाली पडत नाहीत अशी काच छपराला लावावीच लागते, असं कळलं. "मग तिन्ही बाजूंनी तीच लावा," मी म्हणाले.

तरीही नवऱ्याने हो म्हटलं नव्हतं. त्या रविवारी मराठी मंडळातली एक मैत्रीण जेवायला आली. दोन्ही चित्रं बघून ती म्हणाली, "ओरांजेरीच कर गं. आतलं आत राहतं." फोटो तेव्हा जिन्याजवळ होता. तिकडे बघत तिने आवाज उतरवला. "एक विचारू? इथे येऊन तरी कशाला हे सगळं?"

"गणपतीत आपण हॉल घेतो, ढोल वाजवतो. मीही येते, आरतीला टाळ्या वाजवते. तेव्हा कुणी विचारतं का, इथे येऊन कशाला म्हणून?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं, ते सांग."

ती भाजी छान झाल्याचं म्हणाली. मी मात्र विषय बदलला नाही. ती लवकर निघाली. नवरा स्वयंपाकघरात भांडी आवरत सगळं ऐकत होता. हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "काचेचीच करू."

खोली झाली. फोटो रस्त्यावरून दिसेल असा लावला, शेजारी बुद्धाची मूर्ती ठेवली. पहिल्याच उन्हाळ्यात दुपारी तिथे पाय ठेववेना. माझी टोमॅटोची रोपं करपली. नवरा "मी सांगत होतो" असं म्हणाला नाही, पण थर्मामीटर आणून टांगला.

एका संध्याकाळी शेजारच्या आजीबाई कुत्र्याला फिरवताना कुंपणापाशी थांबल्या आणि लेकीला विचारू लागल्या, हे कोण गृहस्थ? लेक मला कायम जर्मनमधून उत्तर देते. मी मराठीत काही सांगायला लागले की 'या, या', म्हणजे 'हो, हो', म्हणत मोबाइल बघते. मला वाटायचं, ती ऐकत नाही. आता ती जर्मनमधून आजींना सांगत होती, की यांना शाळेत पाण्याच्या माठाला हात लावू देत नव्हते, आणि पुढे यांनीच देशाची घटना लिहिली. मी ओल्या हातांनी दाराशी उभी राहिले. आजींनी फोटोकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "या, या. पण टोमॅटोंना सावली करा."

सावली केली. नवऱ्याने छपराला पडदे मागवले, आणि न विचारता रस्त्याच्या बाजूलाही. छपराचे मी बसवू दिले. बाकीचे बसवायला आलेल्या माणसाबरोबर परत पाठवले. नवऱ्याने फक्त विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की."

हिवाळ्यात तिथे खरंच गारठा असतो. नवरा स्वेटर घालून, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो आणि कुरकुरतो. मी म्हणते, मग आत जा. तो जात नाही.