आईच्या वाटेत आडवा आलेला अर्ज

आईची पेटी आम्हा चौघांच्या खांद्यावर होती आणि सड्यावर, गावच्या मयती पुरण्याच्या माळावर, जाणाऱ्या पाणंदीत गावचे दहा-बारा पुरुष आडवे उभे होते. सर्वांच्या पुढे अण्णा. गावचे मानकरी, वयाने माझ्याहून वडील. त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. पडद्यावर एका अर्जाचा फोटो होता.

"ह्या अक्षर कोनाचा? वळीख."

अक्षर माझे होते.

मी अर्जनवीस आहे. शिक्षण आठवी नापास. तरी गेली बावीस वर्षे लांज्यात कचेरीबाहेर टेबल मांडून बसतो. वकिलांनी सोडून दिलेली प्रकरणे माझ्या मसुद्याने उभी राहिली आहेत; हे मी आत्मप्रौढीने नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. तो अर्जही मीच लिहिला होता. तीन वर्षांपूर्वी. अण्णांच्या सांगण्यावरून.

अण्णांच्या अंगणात माझ्या बापाला पाणी वरून ओतत. ओंजळीत. तेच अण्णा त्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "अहो, तुमच्याबिगार ह्या काम व्हायचा न्हाय."

अहो. पन्नाशीला आलेल्या मला त्या घराकडून प्रथमच. मी विरघळलो. शरमेने लिहितो आहे.

गावात मुसलमानाचे घर एकच, हसनचे. त्याचे वडील अत्यवस्थ होते. त्यांना सड्यावर पुरू द्यायचे नाही, एवढेच अण्णांचे म्हणणे. माझ्या लेखणीला तेवढ्यावर समाधान नव्हते. एकाच घराचे नाव घातले तर अर्ज आकसाचा ठरेल, हे मला ठाऊक. म्हणून मी व्यापक शब्द योजले: 'गावच्या मूळ धर्माव्यतिरिक्त अन्य कोणत्याही धर्मातील मयताचे दफन सदर जागेत होऊ नये.'

अण्णा म्हणाले, "वा! वकील झक मारतो तुमच्यापुढं."

ग्रामसभेत त्याच शब्दांत ठराव झाला. वडील वारले तेव्हा हसनने त्यांना टेम्पोत घालून पुरायला रत्नागिरीस नेले. टेम्पो माझ्या टेबलासमोरून गेला. मी मान खाली घालून कोणाच्या तरी अर्जावर तारीख घालत राहिलो.

आईने बाप्तिस्मा त्यापूर्वीच घेतला होता, मिशनच्या दवाखान्यात आयाबाईचे काम करत असताना. तिच्यामागून मीही घेतला. मग 'अन्य' हा शब्द लिहिताना हात कसा अडखळला नाही? आमच्या वाडीची मयते पिढ्यान् पिढ्या सड्यावरच पुरली जातात. मी स्वतःला गावातलाच समजत होतो. अन्य म्हणजे हसन, असे धरून चाललो होतो.

"अण्णा, वाट द्या," मी म्हणालो.

"देतो की. त्या पेटीवरचा क्रूस काढ. गावाला नारळ दे, देवाला गाऱ्हाना घालू, मग ने. धरम तुज्या आयशीन बदललान, आमी न्हाय."

मागून कोणी ओरडले, "आता लिव अर्ज!"

हशा झाला. पेटी खांद्यावर असताना हशा.

खोटे कशाला सांगू, माझा मोकळा हात क्रुसाकडे गेला. दोन खिळे होते. ऊन चढत होते. निघाला असता.

याच अण्णांच्या सुनेचे बाळंतपण अडले तेव्हा आई धावत गेली होती. बाळ तिच्या हातांत आले. तिच्या हातून घेतल्यावर घरच्यांनी ते पुन्हा धुतले, तिच्यासमोर. मी संतापलो होतो. ती म्हणाली होती, "भ्या वाटता रे त्यांना. त्यांना भ्या वाटता म्हनून आपन आपला हात कापून टाकायचा काय?"

मी क्रुसावरचा हात मागे घेतला.

"क्रूस निघणार नाही, अण्णा."

"मग पेटी घेऊन बस हितंच."

तेवढ्यात हसन आला. खांद्यावर पहार, हातात फावडे. तो अण्णांशी बोललाच नाही. मला म्हणाला, "आमच्या काजूच्या बागेत नेऊ. माती मऊ हाय थयली."

"हसन, तुझ्या अब्बांना माझ्याच अर्जाने..."

"ठाव हाय. अक्षर मीपन वळखतो. तीन वर्सं ठाव हाय. आता पाय उचल. मावशी उन्हात हाय."

आईला आम्ही त्याच्या बागेत पुरले. खड्डा खोदून हसनच्या तळहातांना फोड आले. त्याच्याकडे पाहताना मला जी लाज वाटली, तशी अण्णांपुढे आयुष्यात वाटली नव्हती.

चौथ्या दिवशी मी अर्ज लिहिला. अर्जदार मी स्वतः. पहिल्याच परिच्छेदात नमूद केले की, पूर्वीचा अर्ज माझ्या हातचा असून तो अन्यायाचा आहे. ठराव रद्द व्हावा. सडा प्रत्येक मयतास, हसनच्या घरासही, खुला व्हावा. ज्याच्याविरुद्ध अर्ज, त्याला तो आधी दाखवू नये, हे आमच्या धंद्यातले पहिले तत्त्व. मी ते मोडले. अण्णांच्या अंगणात उभा राहून अथपासून इतिपर्यंत वाचला.

त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "गावात ऱ्हायचा हाय ना रे तुला?"

"ऱ्हायचाच हाय. तुमच्यासकट ऱ्हायचा हाय."

गावकीने माझ्याशी बोलणे टाकले आहे. दुकानदार सामान देतो, तोंडाकडे पाहत नाही. अण्णांचे नाव मी रोज प्रार्थनेत घेतो. तोंड कडू होते, तरी घेतो. त्यांचा द्वेष करण्याची मुभा आईने मला ठेवलेली नाही. त्यांच्यापुढे वाकण्याचीही नाही. सुनावणीची तारीख पडेल त्या दिवशी मी हजर असेन. अर्ज नामंजूर झाला तर वरच्या कचेरीत जाईन. तोवर गावात कोणीही मरो, त्याच्या तिरडीला, जनाज्याला, पेटीला एक खांदा माझा असेल. अण्णांच्या घरची तिरडी असली तरीही. त्यांनी हाकलले तर मागून चालेन. आणि वाट अडवणाऱ्यांत उद्या माझा सख्खा भाऊ उभा असला, तरी मी खांदा खाली घेणार नाही.