टेपवर उरलेले ट्रॉम्बोन

त्या संगीताबद्दल तुमचं मत काय, असं कुणी विचारलं तर मी आजही गडबडतो. आवडलं म्हणावं तर खोटं, नाही आवडलं म्हणावं तर तेही खोटं. त्यापायी जे घडलं त्याबद्दलही माझं तसंच आहे. चूक माझ्या हातून झाली, यात वाद नाही. ती झाली नसती तर बरं झालं असतं का, हे मात्र अजून ठरत नाही.

साठच्या दशकातली अखेरची वर्षं होती. मी दुबईत, देऱ्याच्या बाजारात, एका सिंधी शेठच्या दुकानात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. हे काम मी रत्नागिरीत शिकलो होतो आणि आपल्याला सगळं येतं अशा तोऱ्यात होतो. दुपारी शेठ दुकान बंद करून जेवायला आणि झोपायला घरी जात. मी दुकानामागच्या खोलीतच राहायचो, त्यामुळे त्या तीन तासांत तिथला राजा मीच.

अशाच एका दुपारी चाचा आले. चाचा म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावातले कोकणी मुसलमान. एका इंग्रज साहेबाच्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. मासे ते असे करायचे की साहेबाच्या घशाखाली उतरत असतील की नाही देव जाणे, पण उरलेले माझ्याकडे यायचे आणि मी त्यांना दुवा द्यायचो. त्या दिवशी मात्र मासे नव्हते. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक मोठी रेकॉर्ड होती.

"साहेबाला ही टेपवर पाहिजे," चाचा म्हणाले. "उन्हानं रेकॉर्डी वाकायला लागल्यात. अर्जंट बोललाय. यल्ला, कर लवकर."

कव्हरवर सुटाबुटातले सात-आठ पुरुष ओळीनं उभे होते आणि प्रत्येकाच्या हातात एकच वाद्य होतं. लांबलचक पितळी नळी, पुढे-मागे सरकवायची. ट्रॉम्बोन. हे वाद्य मी आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये पाहिलं होतं, पण तिथे ते एखादंच असायचं आणि क्लॅरिनेटवाल्याच्या मागून निमूट चालायचं. इथे सगळे ट्रॉम्बोनवालेच. पंगतीला बसावं आणि पानात नुसत्या चटण्याच वाढाव्यात, तसं मला वाटलं.

रेकॉर्ड लावली आणि आणखीच गोंधळलो. जाझ हा शब्द तेवढा ऐकून होतो. एकजण काहीतरी सांगायला लागे, दुसरा मध्येच तोंड घाली, तिसरा दोघांनाही बाजूला सारून भलतीकडेच निघून जाई. मग अचानक सगळे मिळून असा एक खोल, लांब सूर लावत की माझ्या टेबलावरचे स्क्रू थरथरत. सम कुठे, मान कुठे हलवायची, काही कळेना. तीनदा ऐकली. तिसऱ्या वेळी मान हलली, पण चुकीच्या जागी हलली असावी.

दुकानातल्या जुन्या मशीनवर मी ती टेपवर उतरवली. पहिल्या खेपेला वायर सैल होती, मधेमधे खरखर आली. म्हणून पुन्हा उतरवली आणि ती दुसरी टेप साहेबासाठी ठेवली. बिघडलेली माझ्याकडे राहिली.

टेप न्यायला आलेले चाचा जाईनात. स्टुलावर बसून मशीनकडे बघत राहिले.

"भाऊ, ह्याच्यात माणसाचा आवाज पण भरता येतो ना?"

"येतो की."

"मग माझा भर."

चाचा पाच वर्षांपूर्वी लाँचमधून, कागदपत्रं नसताना, चोरून दुबईला आले होते. त्यांच्या मागोमाग सुटलेली दुसरी लाँच वाटेत बुडाली. ते नेमके कुठल्या लाँचमध्ये होते हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. चाचा दुसऱ्याच्या हातानं लिहून घेऊन पत्रं पाठवत, त्यामुळे गावाला ती खरी वाटत नसत; आईला तर वाचता येत नव्हतं आणि आता दिसतही नव्हतं. पत्र वाचून दाखवणाऱ्यावर तिचा विश्वास नव्हता. कागदावर कुणीही काहीही लिहील, म्हणायची. गावातली शहाणी माणसं तिला समजावत होती की मुलगा गेला असं समज आणि आता त्याच्या नावानं फातेहा पढून घे. तिनं ते अडवून धरलं होतं. मुलगा आहे असंही मानेना, गेला असंही मानेना.

"माझा आवाज ऐकला तर ओळखेल," चाचा म्हणाले. गावात एका सारंगाकडे टेपरेकॉर्डर होता. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचे मुकादम. नोकरी संपवून ते गावी परतले होते.

नवी टेप हाताशी नव्हती, म्हणून मी ती बिघडलेलीच घेतली. शेठनी नुकतंच एक नवं मशीन आणलं होतं, त्यावर चाचांचा आवाज भरला. आधी ते खाकरतच बसले. मग एकदम बोलायला लागले. लहानपणी आंब्यावरून पडून हनुवटी फुटली होती, ते सांगितलं. आई तेव्हा ओरडली ते सांगितलं. "मी खुशाल आहे, आई. लवकर येईन, इन्शाल्ला." मी त्याच मशीनवर लावून ऐकवलं. आवाज स्वच्छ होता. चाचांनी डोळे पुसले, मी माझी पाठ थोपटून घेतली, आणि गावी निघालेल्या एकाबरोबर टेप गेली.

अडीच महिन्यांनी सारंगांचं पत्र आलं. चाचांना अक्षर लावायला वेळ लागे, म्हणून ते माझ्याकडे घेऊन आले. मी वाचू लागलो. आईंनी टेप ऐकली, हनुवटीचं ऐकून तुम्हीच आहात हे ओळखलं. इथवर आम्ही दोघं खूष होतो. पुढे लिहिलं होतं की टेपवर तुमच्या आवाजामागे बोटीचे भोंगे वाजत आहेत, त्यामुळे तुम्ही बोटीत बसूनच बोलत आहात अशी आईंची खात्री झाली आहे. मुंबईची बोट यायची असली की त्या धक्क्यावर जाऊन बसतात. मी सारंग, जन्म जहाजावर काढला, असे भोंगे मी कधी ऐकले नाहीत, पण त्या माझं ऐकत नाहीत. कोणत्या बोटीनं येताय ते कळवा.

"भोंगे?" चाचा म्हणाले. "कसले भोंगे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की चाचांचा आवाज मी त्या बिघडलेल्या ट्रॉम्बोनच्या टेपवर भरला होता. जुनं मशीन टेपच्या अर्ध्या रुंदीवर आवाज उमटवायचं, नवं पावभागावर. म्हणजे चाचांच्या आवाजानं निम्मेच ट्रॉम्बोन पुसले गेले होते. नव्या मशीनला उरलेले ऐकू येत नव्हते. सारंगांचं मशीन जुन्या जातीचं निघालं, त्यानं दोन्ही एकदम वाजवले. मी जुन्या मशीनवर रेकॉर्डचा एक तुकडा उतरवला, त्यावर नव्या मशीननं चाचांचा आवाज भरला आणि पुन्हा जुन्यावर लावला. चाचांचा आवाज आला आणि त्याच्या मागून, पाण्यावरून यावा तसा, तो खोल लांब सूर.

चाचा हसतील किंवा मला शिव्या घालतील असं वाटलं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"बोटच आहे ही," ते म्हणाले. "मी असतो तरी फसलो असतो."

मी म्हटलं, आपण कोऱ्या टेपवर पुन्हा भरू, खरं काय ते सांगू. चाचा म्हणाले, "राहू दे ना. बसू दे तिला धक्क्यावर. निदान फातेहा तरी कुणी पढणार नाही." मी ऐकलं नाही. बिघाड दिसला की काढायचा, एवढीच मला अक्कल. आंधळी बाई माझ्या चुकीपायी उन्हात बसते, हे मला सोसवत नव्हतं. शेवटी चाचा बसले. "आई, मी बोटीत नाही. कागद नाहीत, आत्ता येता येत नाही. तू धक्क्यावर जाऊ नको." एवढंच बोलले. या खेपेला मी दोन्ही मशीनवर तपासलं. आवाजामागे काही म्हणजे काही नव्हतं.

दुसरं पत्र अगदी छोटं होतं. आईंनी टेप शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, हा माझा मुलगा नाही. कुणीतरी त्याचा आवाज काढतोय. माझा मुलगा बोटीत आहे.

चाचांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग मला विचारलं, "भाऊ, तो आवाज माझाच होता ना? तूच भरलास ना?"

"तुमचाच होता, चाचा."

"मग खलास," ते म्हणाले. "आता गेलंच पाहिजे."

साहेबाच्या हातापाया पडून, कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून त्यांनी परतीचे कागद मिळवले. त्यात पावसाळा गेला, कोकणच्या बोटी बंद झाल्या आणि पुन्हा सुरू झाल्या. नोकरी सोडून चाचा गेले. मला वाईट वाटलं, माशांसाठीही वाटलं, आणि आपण या माणसाला घरी पाठवलं की त्याच्या पोटावर पाय दिला, हे समजेना. साहेबानं रेकॉर्ड परत मागितलीच नव्हती, ती माझ्याकडेच राहिली. मी ती लावायचो आणि मला त्यात आता संगीत ऐकूच यायचं नाही. सगळ्या बोटीच.

चाचांचं पत्र आलं ते सारंगांच्या अक्षरात. होडीतून धक्क्यावर उतरलो तेव्हा आई तिथे होती, असं त्यांनी लिहून घेतलं होतं. तिनं हात लावून हनुवटी चाचपली. रडली नाही, कुठे होतास म्हणून विचारलं नाही. नुसती चिडली. म्हणाली, "एवढा उशीर कसा लागला रे बोटीला?"