सुभेदाराची आंघोळ

दुबईत, करामा भागात, आमच्या समोरच्या फ्लॅटमधले दत्तप्रसाद म्हणजे टापटिपीचा कहर. दाराचं कुलूपसुद्धा पुसून लावतील! त्यांची बायको शोभना म्हणते, "मला सोडायचं ठरलं, तर आधी सोडचिठ्ठीच्या कागदाला इस्त्री करतील."

नोकरी जमालसाहेबांकडे. धंदा टाइल्सचा, पण साहेबांचा जीव जुन्या शिशाच्या मोहरांत. हजार वर्षांपूर्वी बायझंटाइन राज्यातले सुभेदार पत्राच्या दोरीवर शिशाची चकती दाबून मोहर उमटवत. एका बाजूला संत, दुसऱ्या बाजूला सुभेदाराचं नाव आणि प्रांत. त्या मोहरांच्या कपाटाची किल्ली एकट्या दत्तप्रसादांकडे. पंधरा वर्षांत मिळालेलं प्रमोशन काय ते तेवढंच.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. साहेबांना मोहरांचे फोटो काढून घ्यायचे होते. एका गुरुवारी, त्याआधी जरा नीट करू म्हणून, साहेबांना न विचारता त्यांनी एक मोहर घरी आणली. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मला कौतुकानं दाखवली. वर पांढरट थर.

"भावजी, हा सुभेदार पिठाच्या गिरणीतून आलाय की काय? चिंच-मीठ लावा, कळशीसारखा चकाकेल!"

मी आपली चेष्टा केली हो! त्यांनी खरंच ती तासभर चिंचेच्या कोळात ठेवली आणि जुन्या टूथब्रशनं घासली. अक्षरं त्या थरातच होती. थर गेला, नाव गेलं, प्रांत गेला. संताचं नाक तेवढं उरलं.

दुपारी त्यांच्याकडे ताटं तशीच पडलेली. सगळ्या घराचा व्हिसा साहेबांच्या नोकरीवर, आणि मुलीची, मिहिकाची, दहावी मार्चमध्ये. व्हिसा गेला तर पोरीनं परीक्षा कुठून द्यायची?

"मोहर अशीच आली होती म्हणा," शोभना म्हणाली.

"बाबा, जस्ट टेल हिम," मिहिका म्हणाली.

"माझं नाव सांगा," मी म्हणाले. "शेजारीण आगाऊ आहे म्हणावं."

"वहिनी, घासली मी," एवढंच बोलून ते उठले.

शनिवारी त्यांनी साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी मोहर उजेडात धरून बराच वेळ फिरवली. मग हात पुढे केला. दत्तप्रसादांना वाटलं, खलास, आता व्हिसा कॅन्सल.

"कपाट की चाबी," साहेब म्हणाले.

नोकरी राहिली. मिहिकाची दहावीही इथेच झाली. शोभना म्हणते, देव पावला. साहेबांच्या नव्या मोहरा अजून टपालानं येतात, आणि दत्तप्रसाद पाकीट न उघडता आत नेऊन देतात, असं तीच सांगते. जिन्यात भेटले की मी काही विचारायच्या आत ते म्हणतात, "आज काही आलं नाही, वहिनी."